साल की शाल: कापून टाकलेला वरचा आवाज पुन्हा उभा करण्याची कृती

रेकॉर्डिंगमधल्या बाईंनी 'साल' म्हटलं की 'शाल', हे कानाला कशावरून कळतं? 'श'चं घर्षण अडीच-तीन किलोहर्ट्झपासूनच ऐकू यायला लागतं. 'स'चा जोर त्याच्या बराच वर, चार-पाच किलोहर्ट्झच्या पुढे असतो. आपल्या भाषेत आणखी एक नाजूक जागा आहे. 'चार'मधला तालव्य च आणि 'पाच'मधला दंततालव्य च आपण एकाच अक्षराने लिहितो, पण ऐकताना त्यांच्यातला फरक बराचसा याच वरच्या घर्षणातून कळतो. मध्यम लहरींवरच्या जुन्या रेडिओवर आवाज जेमतेम साडेचार किलोहर्ट्झपर्यंत पोचायचा. तरी आपल्याला सगळं समजायचं, कारण उरलेलं आपण संदर्भाने भरून घ्यायचो.

डिजिटल ध्वनी कमी बिट्समध्ये बसवताना हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. बिट्स अपुरे पडले की एन्कोडरपुढे, म्हणजे आवाज बिट्समध्ये बांधणाऱ्या यंत्रणेपुढे, दोनच वाटा असतात. सगळा पट्टा ठेवला तर सगळीकडेच थोडं थोडं बिघडतं: टाळ पाण्याखाली वाजल्यासारखे वाटतात, आवाजाभोवती चिवचिव ऐकू येते. वरचा भाग कापला तर आवाज स्वच्छ राहतो, पण गोधडीखालून आल्यासारखा. स्टॉकहोममधल्या कोडिंग टेक्नॉलॉजीज या कंपनीत लार्स लिल्येरिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसरी वाट काढली. वरचा भाग पाठवायचाच नाही, त्याचं फक्त वर्णन पाठवायचं. ऐकणाऱ्याच्या यंत्राने खालच्या भागाची नक्कल वर नेऊन ठेवायची आणि त्या वर्णनाप्रमाणे तिला आकार द्यायचा. या पद्धतीचं नाव स्पेक्ट्रल बँड रेप्लिकेशन, थोडक्यात एसबीआर. २००१ मध्ये ती एमपी३प्रोमध्ये आली आणि २००३ मध्ये एमपेग-४ च्या एचई-एएसी प्रकारात (एएसी ही आवाज कमी बिट्समध्ये बांधण्याची पद्धत) प्रमाणित झाली. आकाशवाणी मध्यम लहरींवर ज्या डीआरएम (डिजिटल रेडिओ मॉन्डियाल) पद्धतीने डिजिटल प्रसारण करते, तीही याच कुळातली. एएमला जेवढी जागा लागायची, तेवढ्याच ९-१० किलोहर्ट्झच्या वाटेतून डीआरएम 'साल' आणि 'शाल' वेगवेगळे पोचवू शकते ते यामुळेच.

एसबीआरबद्दल वाचून जेवढं कळतं, त्याच्या दसपट ते स्वतः बांधून कळतं असा माझा अनुभव आहे. म्हणून इथे एक छोटा एसबीआर घरच्या संगणकावर कसा उभा करायचा ते क्रमाने सांगतो. पायथन, त्यातली नम्पाय आणि सायपाय ही दोन ग्रंथालयं, आणि स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या उंचीवर किती आवाज आहे याचं चित्र, पाहायला ऑडॅसिटी एवढं पुरतं. सगळा कोड शंभर ओळींच्या आत बसतो.

आधी कच्चा माल

वीस सेकंदांची चार-पाच रेकॉर्डिंग घ्या. मोनो, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, वेव्ह स्वरूपात. एकात स्वतःच्या आवाजात म्हणा: 'पाच चोरांनी चार शाली चोरल्या आणि साल सोलून ठेवली.' दुसऱ्यात पेटी किंवा तानपुरा, तिसऱ्यात टाळ किंवा झांज, चौथ्यात ढोलकी. घुंगरू मिळाले तर फारच उत्तम, या पद्धतीची खरी परीक्षा तेच घेतात.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच तपासा. ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्राम उघडून रेकॉर्डिंगमध्ये १५ किलोहर्ट्झपर्यंत खरंच काही आहे का ते बघा. फोनवर आलेला आवाजी निरोप वेव्हमध्ये बदलून घेतला असेल तर ठरावीक उंचीवर सुरीने कापल्यासारखी आडवी कड दिसेल. अशा फायलीवर पुढचं काहीही करू नका. ज्याचं वर्णन करायचं तेच तिथे नसतं.

तुकडे पाडणं

सायपायमधलं शॉर्ट-टाइम फूरिये रूपांतर वापरा. हान खिडकी, लांबी १०२४ सॅम्पल, पुढचं पाऊल २५६ सॅम्पलचं, म्हणजे ओव्हरलॅप ७६८. प्रत्येक फ्रेममध्ये ० ते ५१२ असे ५१३ बिन, म्हणजे वारंवारतेचे कप्पे, मिळतील आणि प्रत्येक बिन ४६.८७५ हर्ट्झचा असेल. हे आकडे मी मुद्दाम निवडले आहेत, कारण त्यांनी पुढचा हिशेब सोपा होतो. ६ किलोहर्ट्झ बरोबर १२८ व्या बिनवर येतं आणि १५ किलोहर्ट्झ ३२० व्या बिनवर.

खऱ्या एसबीआरमध्ये फूरियेऐवजी ६४ पट्ट्यांची क्यूएमएफ गाळणी असते. तिची वेळेची जाण खूप बारीक असते, दर ६४ सॅम्पलला एक मूल्य. आपल्या सोप्या मांडणीला हे जमत नाही आणि ढोलकीच्या वेळी ते जाणवेल. पण तत्त्व समजून घ्यायला फूरिये पुरेसं आहे.

आता १२८ पासून पुढचे सगळे बिन शून्य करा, उलट रूपांतर करा आणि ऐका. ही फाईल 'कापलेली' म्हणून जपून ठेवा, प्रत्येक पायरीला तिच्याशी तुलना करायची आहे. 'साल' आणि 'शाल' अजून वेगळे ऐकू येतील, पण 'पाच'मधल्या चची धार गेलेली असेल आणि टाळ पत्र्याच्या डब्यासारखा लागेल.

नक्कल वर नेणं

३२ ते १२७ हे ९६ बिन, म्हणजे १.५ ते ६ किलोहर्ट्झचा पट्टा, हा आपला स्रोत. तो एकदा १२८ ते २२३ या जागी ठेवा आणि पुन्हा एकदा २२४ ते ३१९ या जागी. १५ किलोहर्ट्झपर्यंतची जागा दोन नकलांनी तंतोतंत भरते. फक्त आकारमान नाही, कला म्हणजे फेजसकट पूर्ण संमिश्र संख्या उचलायची. स्रोत शून्यापासून घेऊ नका. दीड किलोहर्ट्झच्या खाली स्वरांचे सर्वांत बलवान आणि एकमेकांपासून सुटे असे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले सूर, असतात. ते वर नेले की वेगळीच शिट्टी वाजायला लागते.

इथे एक खाचखळगा आहे आणि पहिल्यांदा करणारे हमखास त्यात पडतात. नक्कल किती बिन वर सरकवली, ती संख्या ४ च्या पटीत असलीच पाहिजे. आपलं पाऊल खिडकीच्या पाव भागाचं आहे. त्यामुळे ९६ बिन सरकवल्यावर एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत कला बरोबर २४ पूर्ण फेरे फिरते, म्हणजे काहीच बदल होत नाही. ९७ बिन सरकवले तर दर फ्रेमला पाव फेऱ्याची चूक राहते. एकमेकांवर चढणाऱ्या फ्रेम मग एकमेकींना खोडायला लागतात आणि आवाज पोकळ होतो. आपल्या दोन उड्या ९६ आणि १९२, दोन्ही चारच्या पटीत आहेत. तुम्ही आकडे बदलणार असाल तर हे आधी तपासा.

आता ऐका. कर्कश, फुसफुसणारं, पत्र्यासारखं काहीतरी ऐकू येईल. घाबरू नका, अजून आकार द्यायचाय.

आवरण: सगळं काम इथेच होतं

वरच्या भागात कानाला काय हवं असतं? १० किलोहर्ट्झच्या आसपास कानाचा एकेक खण हजार हर्ट्झहून रुंद असतो. त्या खणात ऊर्जा किती आणि ती केव्हा आली-गेली हे कान अचूक टिपतो. खणाच्या आत नेमकी कोणती रेघ कुठे आहे याकडे त्याचं फारसं लक्ष नसतं. एसबीआरचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे. म्हणून वर्णन करायचं ते ऊर्जेच्या आराखड्याचं, ज्याला आवरण म्हणतात.

१९२ बिनांचे ९ पट्टे करा. रुंदी खालून वर अशी: १२, १२, १६, १६, २०, २४, २८, ३२, ३२. खाली अरुंद आणि वर रुंद, कानाच्या खणांसारखेच. वेळेत चार-चार फ्रेमचा गट करा, म्हणजे साधारण २१ मिलिसेकंदांचा. मूळ रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक पट्टा आणि प्रत्येक गट घेऊन आकारमानाच्या वर्गांची सरासरी काढा. नकलेचीही तशीच काढा. पहिलीला दुसरीने भागा, वर्गमूळ घ्या आणि नकलेचे ते बिन त्या संख्येने गुणा. भागाकाराच्या खालच्या बाजूला एक अगदी छोटी संख्या मिळवायला विसरू नका, नाहीतर शांततेच्या जागी शून्याने भागलं जाईल.

हे करून ऐकलंत की अंगावर काटा येईल, निदान माझ्या अंगावर आला होता. मघाचा पत्रा नाहीसा होतो आणि 'पाच'चा च जागेवर येतो. वरच्या भागातलं मूळचं एकही सॅम्पल आपण वापरलेलं नाही, फक्त दर सेकंदाला सव्वाचारशेच्या आत-बाहेर आकडे वापरलेत.

गुणकाला वरची मर्यादा घाला. मूळ आवाजात वर घुंगरू वाजताहेत आणि स्रोताच्या पट्ट्यात जवळपास शांतता आहे, असं झालं तर गुणक हजारावर जातो आणि खालचा कुजबुजता खरखराट आरडाओरडा करत वर येतो. मी ३० डेसिबलची मर्यादा ठेवतो आणि कमी पडलेली ऊर्जा पुढच्या पायरीतल्या गोंगाटाने भरतो. खऱ्या एसबीआरमध्येही यासाठी लिमिटर असतो. तो त्यात आहे त्याला कारण हेच.

गोंगाट किती, सूर किती

पेटीचं रेकॉर्डिंग ऐका, मग टाळाचं. एकात आवरण बरोबर असूनही वर एक धातूसारखी घरघर राहिलेली असेल, दुसऱ्यात झणकार मंद पडलेला असेल. ऊर्जा बरोबर आहे, पण तिचा पोत चुकला आहे. माझ्या मते या पद्धतीत सर्वांत जास्त वेळ इथे द्यायला हवा, कारण चांगल्या आणि वाईट एन्कोडरमधला फरक इथेच पडतो.

मानवी आवाजात आणि बहुतेक वाद्यांत खालचा भाग सुरेल असतो, वर जावं तसा तो श्वासाळ आणि खरखरीत होत जातो. आपण मात्र सुरेल भागच उचलून वर ठेवला. मोजमापासाठी सपाटपणा काढा: पट्ट्यातल्या ऊर्जांची भूमितीय सरासरी भागिले साधी सरासरी. एकच रेघ असेल तर उत्तर शून्याच्या जवळ येतं. निव्वळ गोंगाटाचं उत्तर १ येईल असं वाटतं, पण ते ०.५६ च्या आसपास येतं, कारण गोंगाटातही प्रत्येक बिनची ऊर्जा वरखाली होत असते. हे माहीत नसल्यामुळे 'माझा गोंगाट पुरेसा गोंगाट का नाही' या शोधात दोन संध्याकाळी जाऊ शकतात.

आता कृती. वरच्या १९२ बिनांचे तीन मोठे भाग करा. प्रत्येक भागासाठी गोंगाट आणि नक्कल यांच्या ऊर्जेचं गुणोत्तर ठरवायचं आहे. त्याला क्यू म्हणू. एकूण ऊर्जा तीच ठेवून नकलेला १ भागिले (१ + क्यू) इतका वाटा द्या आणि बाकीचा क्यू भागिले (१ + क्यू) गोंगाटाला. क्यूची पाच मूल्यं करून पाहा: गोंगाट अजिबात नाही, पाव, एक, चार, आणि सगळाच गोंगाट. ज्याचा सपाटपणा मूळ आवाजाच्या सर्वांत जवळ जाईल ते मूल्य निवडा. एन्कोडरकडे मूळ आवाज असतो आणि डीकोडर, म्हणजे ऐकणाऱ्याकडचं उलगडणारं यंत्र, काय करणार हेही त्याला माहीत असतं. त्यामुळे उत्तर करून पाहून निवडण्याची चैन त्याला परवडते. यादृच्छिक संख्यांचा सीड मात्र दोन्हीकडे एकच ठेवा. प्रमाणित एसबीआरमध्ये यासाठी ठरलेला तक्ताच दिलेला आहे.

गोंगाट मिसळण्याआधी नक्कल थोडी विरघळवली तर आणखी बरं. पट्ट्यातल्या आकारमानांची शेजारच्या सात-आठ बिनांवर सरासरी काढा आणि प्रत्येक बिनला त्या सरासरीच्या वर्गमुळाने भागा. सुळके ठेंगणे होतात. असं केलंत तर आवरणाचा गुणक त्यानंतर पुन्हा काढावा लागेल.

उलट परिस्थितीही येते. देवळातली घंटा किंवा चिपळ्यांच्या झांजा: मूळ आवाजात ९ किलोहर्ट्झवर एक ठळक रेघ आणि खालून आलेल्या नकलेत तिथे काहीच नाही. मूळ आवाजाचा सपाटपणा ०.१ च्या खाली आणि नकलेचा बराच वर असेल, तर त्या पट्ट्याला एक खूण लावा आणि पट्ट्याच्या मध्यावर स्वच्छ साइन लहर घाला, ऊर्जा आवरणातलीच. लहर थोडी चुकीच्या जागी बसते, पण ती नसण्यापेक्षा ती तिथे असणं कानाला कितीतरी जास्त पटतं.

गाण्याबाबत एक शंका नेहमी येते. काळी पाचचा सा सुमारे २३३ हर्ट्झचा. आपली पहिली उडी ४५०० हर्ट्झची. २३३ ला १९ ने गुणलं की सुमारे ४४२८, म्हणजे वर नेलेले हार्मोनिक्स त्यांच्या खऱ्या जागांपासून ७२ हर्ट्झ सरकलेले असतात. मग बेसूर का वाटत नाही? कारण पाच-सहा किलोहर्ट्झच्या वर कानाला सुराची ओळख फार पुसट असते आणि इतक्या वरचे हार्मोनिक्स त्याला सुटे सुटे ऐकूच येत नाहीत. पण कापण्याची हद्द ६ वरून खाली, ३-४ किलोहर्ट्झवर आणलीत तर हाच सरकलेपणा घोगरेपणा म्हणून ऐकू येतो. २०१२ मध्ये प्रमाणित झालेल्या यूसॅक पद्धतीत, जी पुढे एक्सएचई-एएसी म्हणून ओळखली गेली, त्यासाठी हार्मोनिक्सची जागा राखून वर नेण्याची सोय जोडली आहे.

ढोलकीची थाप

चार फ्रेमच्या गटाच्या मध्यावर थाप पडली तर तिची ऊर्जा पूर्ण गटावर पसरते आणि थापेच्या आधी 'फस्स' असा आवाज येतो. उपाय असा: लागोपाठच्या फ्रेममध्ये वरच्या भागाची एकूण ऊर्जा १० डेसिबलहून जास्त उसळली तर गट तिथेच तोडा. थापेआधीचा एक आवरण-तुकडा, थापेपासूनचा दुसरा. खऱ्या एसबीआरमध्ये गटांच्या कडा अशाच सरकवता येतात, फ्रेमची हद्दसुद्धा पुढेमागे करता येते. तरीही थोडा फुसका आवाज उरेलच, कारण आपली खिडकीच २१ मिलिसेकंदांची आहे. तो घालवायचा असेल तर थापेच्या आसपास २५६ सॅम्पलची खिडकी वापरा आणि उड्या त्या प्रमाणात बदला.

बिट्सचा हिशेब

आवरणाची ऊर्जा डेसिबलमध्ये घ्या आणि ३ डेसिबलच्या पायऱ्यांवर आणा. ३२ पायऱ्या म्हणजे ५ बिट. ९ पट्टे, सेकंदाला सुमारे ४७ गट: २११० बिट. गोंगाटासाठी तीन भाग, क्यूच्या पाच मूल्यांना ३ बिट, चार गटांना मिळून एकदा: सुमारे १०५ बिट. रेघांच्या खुणा दर पट्ट्याला एक बिट: ४२२. बेरीज पावणेतीन किलोबिटच्या आत. कच्चा आवाज सेकंदाला ७६८ किलोबिट खातो. लागोपाठच्या गटांतला फरक पाठवलात तर बहुतेक वेळा तो ०, +१ किंवा −१ निघतो. हफमन कोड लावला की आकडा आणखी बराच उतरतो. प्रमाणित एसबीआरचा खर्चही एका वाहिनीला साधारण १ ते ३ किलोबिटच असतो, म्हणजे आपला घरगुती हिशेब फार भरकटलेला नाही. पायरी ३ ऐवजी दीड आणि ६ डेसिबल करून ऐका. सहावर 'स' डळमळताना ऐकू येईल.

हे जमलं की खालचा भाग कच्चा न ठेवता खरोखर एएसीमध्ये बांधा, पुन्हा उलगडा आणि नक्कल त्यातूनच घ्या. एन्कोडर सुरुवातीला काही सॅम्पलची रिकामी जागा जोडतो. ती मोजून काढून टाकली नाही तर आवरण खालच्या आवाजामागे-पुढे पळेल आणि 'पाच'चा च दोनदा ऐकू येईल.

ऐकून ठरवा

स्पेक्ट्रोग्राम बघून समाधान मानू नका. चित्र मूळ आवाजासारखं दिसतं, कान मात्र वेगळंच सांगतो. मूळ, कापलेली आणि पुन्हा बांधलेली अशा तीन फायली समान पातळीवर आणा, कुणाला तरी नावं झाकायला सांगा आणि हेडफोनवर ऐका. वयाबरोबर वरचं ऐकणं कमी होतं, म्हणून घरातल्या एखाद्या शाळकरी मुलालाही बसवा. १२ किलोहर्ट्झच्या वरची चूक तेच आधी पकडेल. हद्द ६ वरून ८ किलोहर्ट्झवर नेऊन पुन्हा ऐका. पेटी आणि बाईंचा आवाज यांना त्याचा सर्वांत जास्त फायदा होतो, झांजांना फारसा नाही.

तयार एन्कोडर वापरताना

कीर्तन, व्याख्यान, आजीच्या ओव्या लोकांपर्यंत कमी डेटात पोचवायच्या असतील तर एचई-एएसी मनापासून सुचवतो. स्टिरिओला ४८ ते ६४ किलोबिट हे तिचं खरं घर. ३२ च्या खाली दुसरी आवृत्ती घ्या. तिच्यात स्टिरिओचंही असंच वर्णन पाठवलं जातं. ९६ च्या वर मात्र साधी एएसी-एलसी निवडा. तिथे वरचा भाग खराखुरा पाठवायला बिट्स पुरतात आणि नकलेची गरज राहत नाही. एफएफएमपेग या रूपांतर करणाऱ्या साधनाच्या स्वतःच्या एएसी एन्कोडरने एचई प्रकार तयार होत नाही. त्यासाठी फ्राउनहोफरचा एफडीके एन्कोडर लागतो, तो स्वतंत्र साधन म्हणूनही मिळतो. मॅकवर ही सोय आधीपासूनच असते. मूळ वेव्ह फाईल जपून ठेवा आणि एचई-एएसीवरून पुन्हा दुसरी एचई-एएसी कधीही बनवू नका. नकलेची नक्कल झाली की घंटेचा गोंगाट होतो.

फाईल पाठवल्यावर कुणी म्हणालं की आवाज दबलेला येतोय, तर त्यांच्या प्लेअरमध्ये सॅम्पल रेट किती दिसतो ते विचारा. खालचा भाग निम्म्या दराने बांधलेला असतो. ४८००० च्या जागी २४००० दिसलं तर तो जुना प्लेअर फक्त खालचाच भाग वाजवतो आहे आणि वर्णन बाजूला टाकतो आहे. गाडीतल्या जुन्या प्लेअरमध्ये असं होऊ शकतं. त्यांना तेच रेकॉर्डिंग एलसीमध्ये, थोड्या जास्त बिट्समध्ये वेगळं पाठवा.